जॉर्ज हॅरिसन : सतारीचा परदेशी शिष्य

कीर्ती आणि विद्या या दोघी एकाच घरी नांदतील असा नेम नाही. पुष्कळांच्या घरी कीर्ती येते, परंतु विद्या त्यांच्या उंबरठ्यावरही पाऊल ठेवीत नाही. उलटपक्षी, खऱ्या विद्यावंतांची आयुष्येच्या आयुष्ये अंधारात जातात. ज्यास तरुणपणीच अमाप कीर्ती मिळाली, आणि तरीही आपल्याजवळ विद्या थोडी आहे हे ओळखून जो गुरूपुढे जमिनीवर मांडी घालून बसला, असा मनुष्य विरळा. इंग्लंडातील सुप्रसिद्ध वादक व गीतकार जॉर्ज हॅरिसन हा अशा विरळा मनुष्यांपैकी एक होय. त्यास निवर्तून सुमारे दोन तपे लोटली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही त्याच्या हयातीत जन्मलेला नसेल. परंतु रॉक नावाच्या पाश्चात्य संगीतात आपली सतार जी शिरली, तिच्या प्रवेशाची हकीकत या पुरुषाच्या चरित्रात गुंफलेली आहे, म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला. त्या समयी दुसरे महायुद्ध चालू होते. वडील हॅरॉल्ड हे पूर्वी जहाजावर नोकरीस असत. पुढे ते बसगाडीवर कंडक्टर व नंतर चालक झाले. आई लुईझ ही आयरिश वंशाची, कॅथॉलिक पंथाची, आनंदी स्वभावाची स्त्री होती. चार भावंडांत जॉर्ज धाकटा. घर लहान, मिळकत बेताची. तरी घरात गाण्याची आवड होती. मुलाचे लक्ष शाळेत फारसे लागत नसे. वह्यांच्या समासांतून तो गिटारीची चित्रे काढीत बसे. तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास त्यास एक जुनी गिटार साडेतीन पौंडांस मिळाली. बसचालकाच्या घरी ही रक्कम काही क्षुल्लक नव्हती. आईने त्यास उत्तेजन दिले, आणि बोटे सोलवटून निघेपर्यंत तो वाजवीत राहिला.

सोळाव्या वर्षी कोणतीही परीक्षा उत्तीर्ण न होता त्याने शाळा सोडली व एका मोठ्या दुकानात विजेच्या कामाची उमेदवारी पत्करली. शालेय विद्येत तो मागे राहिला ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. तिचे अनुकरण करण्याचेही कारण नाही. तत्पूर्वीच, शाळेच्या बसमध्ये भेटणाऱ्या पॉल मकार्टनी या मित्राच्या द्वारे त्याची जॉन लेनन याच्याशी ओळख झाली होती. हे तिघे, आणि १९६२ साली त्यांस येऊन मिळालेला ढोलवादक रिंगो स्टार, मिळून जो मेळ झाला तोच बीटल्स या नावाने जगद्विख्यात झाला. १९६० साली हे तरुण जर्मनीतील हांबुर्ग शहरी रात्र-रात्र वाजवीत असत. तेथे जॉर्ज अठरा वर्षांच्या आतील असल्याचे पोलिसांस कळताच त्यास देशाबाहेर धाडण्यात आले! परंतु दोनच वर्षांत त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि १९६४ साली ते अमेरिकेत उतरले तेव्हा लोकांच्या झुंडीच्या झुंडी त्यांच्या दर्शनास लोटल्या.

रॉक संगीत म्हणजे काय, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांकरिता दोन शब्दांत सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत हे संगीत उदयास आले. त्याचा आधार ढोलांचा जोरकस ठेका. आणि त्याचे मुख्य वाद्य म्हणजे विजेच्या साह्याने ज्याचा आवाज वाढविलेला असतो अशी गिटार. गिटारीस बहुधा सहा तारा असतात व तिचे पडदे पक्के बसविलेले असतात. अनेक स्वर एकदम छेडून त्यांचा संघ उभा करणे हे तिचे विशेष काम. सतारीचा स्वभाव याहून अगदी निराळा. तिच्या वरच्या अंगास सहा-सात तारा, आणि पडद्यांच्या खाली दहा-बारा तरफेच्या तारा. या तरफांस बोट लावावे लागत नाही. वरची तार बोलू लागली की त्या सहानुभूतीने आपोआप गुणगुणतात. पडदे धनुष्याकृती व सरकविता येण्याजोगे असल्यामुळे त्यांवर तार आडवी ओढता येते, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी मिंड निघते. गिटार स्वरांची इमारत रचते, तर सतार एकाच स्वराच्या अंतरंगात शिरते. ही दोन कुळे एकत्र आणण्याचा योग कसा आला तो पाहा.

१९६५ सालच्या एप्रिल महिन्यात बीटल्सच्या एका चित्रपटाचे काम लंडनजवळ चालले होते. त्यातील एका प्रसंगात हिंदुस्थानी खानावळीचा देखावा होता व त्यासाठी काही हिंदी वादकांस आपापली वाद्ये घेऊन बोलाविले होते. फावल्या वेळात जॉर्जने तेथील सतार हाती घेऊन पाहिली. वाद्य वजनदार, धरण्याची रीत अपरिचित, परंतु तिचा नाद त्याच्या कानांत राहिला. पुढे त्याने रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या आणि लंडनमधील एका दुकानातून एक साधी सतार विकत आणली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात लेनन याच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतास साथ म्हणून त्याने ती वाजविली. शिकविणारा कोणी नव्हता. गिटारीच्या अंदाजाने त्याने स्वर शोधले व गीताची चाल तिच्यावर काढली. मुद्रणाच्या दिवसांत सतारीची एक तार तुटली. नवी तार कोठे मिळेल याची चौकशी करता करता लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे चालक अयन अंगडी यांच्याशी या मंडळींची ओळख झाली. एक तार तुटली, परंतु तिच्यामुळे दुसरा मोठा धागा जुळला.

ते गीत डिसेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाश्चात्य तरुणांमध्ये सतारीचे जणू वेडच पसरले. पुढील वर्षी रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या विख्यात मेळाच्या ब्रायन जोन्स यानेही सतार वाजविली. जॉर्जने मनात आणले असते तर एवढ्यावरच समाधान मानता आले असते. लोक टाळ्या वाजवीत होते. चुका काढणारा त्या मंडळींत कोणी नव्हता. परंतु ज्या वाद्याने त्यास नवी कीर्ती दिली ते वाद्य आपणास येत नाही ही गोष्ट त्यास स्वतःस ठाऊक होती, आणि तीच त्यास स्वस्थ बसू देईना.

१९६६ सालच्या जून महिन्यात अंगडी यांच्या घरी त्याची व पंडित रविशंकर यांची गाठ पडली. पंडितजी त्या वेळी शेहेचाळीस वर्षांचे व जॉर्ज तेवीस वर्षांचा. येथे पंडितजींच्या पूर्वायुष्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बाळपणीच ते आपले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर पॅरिसला गेले होते. झगमगाट व टाळ्या यांत वाढलेल्या या मुलाने १९३८ साली ते सर्व सोडून मैहर येथे उस्ताद अल्लाउद्दिन खाँ यांच्या पायांशी बसणे पत्करले व कित्येक वर्षे कठोर साधना केली. जॉर्जपुढे जी कसोटी उभी होती तिच्यातून त्याचे गुरू स्वतः पार पडले होते. म्हणून त्यांनी या नव्या शिष्याच्या कीर्तीकडे पाहिले नाही. ही विद्या किती कष्टाची आहे याची मात्र त्यास प्रथमच स्पष्ट कल्पना दिली.

पंडितजी जॉर्जच्या घरी जाऊन त्यास पहिले पाठ देऊ लागले. वाद्य कसे धरावे, नखी बोटात कशी घालावी, स्वर कसे म्हणावे, अशा बाळबोध गोष्टींपासून आरंभ झाला. एके दिवशी पाठ चालू असता दूरध्वनीची घंटा वाजली. जॉर्ज उठला व घाईत सतार ओलांडून निघाला. तत्क्षणी पंडितजींनी त्याच्या पायावर एक फटका लगावला आणि वाद्याचा मान राखण्यास बजावले. ज्याच्यासाठी सारे जग पायघड्या घालीत होते, त्यास असा फटका देणारा मनुष्य त्या काळी पृथ्वीवर दुसरा नसेल. जॉर्ज रागावला नाही. पुढे आयुष्यभर तो ही गोष्ट आपणहून, आदराने सांगत असे.

ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी आपला शेवटचा जाहीर दौरा संपविला, आणि सप्टेंबरमध्ये जॉर्ज आपली पत्नी पॅटी हिच्यासह मुंबईस येऊन उतरला. कोणी ओळखू नये म्हणून त्याने मिशा राखल्या होत्या व ताजमहाल हॉटेलात खोटे नाव दिले होते. परंतु बातमी फुटलीच. हॉटेलाबाहेर तरुणांची गर्दी जमली, आणि अखेर वार्ताहरांस बोलावून आपण येथे शिकण्यास आलो आहोत, शांतता मिळावी, अशी विनंती त्यास करावी लागली. पंडितजींचे शिष्य शंभू दास त्याचा अभ्यास करून घेत. खुर्चीवर वाढलेल्या देहास तासन्‌तास मांडी घालून बसणे जड जाई, कंबर दुखे. म्हणून योगासने शिकविणाऱ्याचीही योजना झाली होती. पुढे गुरुशिष्य काश्मिरात गेले; तेथे श्रीनगरच्या हाउसबोटीत साधना चालू राहिली. जगातील अत्यंत प्रसिद्ध वादकांपैकी एक असा हा तरुण त्या दिवसांत सा रे ग म घोकीत होता.

या अभ्यासाचे फळ त्याच्या गीतांत दिसू लागले. ‘लव्ह यू टू’ हे गीत एप्रिल १९६६ मध्येच मुद्रित झाले होते. त्यात तबल्याची साथ अनिल भागवत यांनी केली व त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापले गेले. परंतु याहून पुष्कळ पुढचे पाऊल म्हणजे १९६७ सालचे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गीत. त्यात गिटारीचा प्रमुखपणा मुळीच नाही. दिलरुबा, तंबोरे, स्वरमंडळ, सतार व तबला ही आपली वाद्ये. आणि त्यांच्या जोडीस आठ व्हायोलिने व तीन चेलो ही पाश्चात्यांची. दिलरुब्यावर स्वर घसरत, वळत जातात. त्या वळणांबरोबर पाश्चात्य व्हायोलिनवादकांस चालता यावे म्हणून संगीतयोजक जॉर्ज मार्टिन यांनी मोठ्या परिश्रमाने त्यांचे लेखन केले. साथीस बसलेले हिंदी वादक लंडनमध्ये राहणारे साधे लोक होते. तबकडीवर त्यांची नावे आली नाहीत. ती जगास कळण्यास सुमारे पन्नास वर्षे जावी लागली.

१९६८ सालच्या जानेवारीत जॉर्ज पुन्हा मुंबईस आला. या खेपेस एका चित्रपटाचे संगीत मुद्रित करावयाचे होते. कोट भागातील एच. एम. व्ही. कंपनीच्या मुद्रणगृहात हे काम चालले. खोली पुरती ध्वनिबंद नव्हती; सायंकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्त्यावरील गोंगाट आत येई व मुद्रण थांबवावे लागे. तरी त्या थोड्या दिवसांत सरोदवादक आशिष खाँ, संतूरवादक शिवकुमार शर्मा यांसारखे कलावंत तेथे वाजवून गेले. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीतही तेथेच झाले, आणि त्यातील बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आहे. पुढे भारतभर गाजलेली ही नावे त्या वेळी तरुण होती. अशा रीतीने आपल्या मुंबईतील एका खोलीत निघालेले सूर त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात जगभर गेले.

या काळाची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. सतारीच्या वेडाबरोबर पाश्चात्य तरुणांत मादक द्रव्यांचेही वेड पसरले होते व जॉर्जही त्यातून सुटला नव्हता. १९६७ सालच्या ऑगस्टमध्ये तो सॅन फ्रान्सिस्को शहरातील ज्या वस्तीत असे तरुण जमत ती पाहावयास गेला. तेथे नव्या युगाचे उमदे कलावंत भेटतील अशी त्याची अपेक्षा होती. दिसली ती नशेने गळून पडलेली, भरकटलेली पोरे. त्या दर्शनाने तो हादरला, आणि ज्या द्रव्याचे तेथे स्तोम होते ते त्याने सोडले. आपले संगीत असल्या व्यसनांशी जोडले जाते याचे पंडितजींस अतिशय दुःख होत असे व ते उघडपणे बोलून दाखवीत. पुढील आयुष्यात जॉर्ज भारतीय भक्तिमार्गाकडे वळला. त्याच्या धर्ममतांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही; परंतु वाद्याच्या निमित्ताने आरंभिलेला शोध त्याने वाद्यापाशीच थांबविला नाही, एवढे नमूद केले पाहिजे.

आता त्याच्या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगा प्रसंग येतो. १९६८ साली, सुमारे तीन वर्षांच्या अभ्यासानंतर, जॉर्जने सतारवादक होण्याचा विचार सोडून दिला. पंडितजींनीच त्यास आपले मूळ कोठे आहे याचा विचार करावयास लावले होते. ते मूळ लिव्हरपूलच्या रस्त्यात व साडेतीन पौंडांच्या गिटारीत होते. शिवाय त्याने डोळ्यांनी पाहिले होते की, लहानपणापासून या विद्येस वाहून घेतलेले कितीतरी शिष्य पंडितजींजवळ आहेत, आणि त्यांतूनही थोडेच शेवटास पोहोचतात. आपण पंचविशीत आहो, आरंभास उशीर झाला आहे. अर्धवट विद्येवर सतारिया म्हणून मिरवणे हा त्या वाद्याचाच अवमान होईल, असे त्याच्या मनाने घेतले.

वरवर पाहणारा म्हणेल, हा पराभव झाला. तसे म्हणणे बरोबर होणार नाही. सतार फॅशन म्हणून ज्यांनी हाती घेतली त्यांनी फॅशन सरताच ती कोपऱ्यात ठेवली, व तिच्यापासून त्यांस काही मिळाले नाही. जॉर्जने ती ठेवली ती तिचे माप कळल्यामुळे ठेवली. आणि जे शिकला ते वाया गेले नाही. १९६९ सालाच्या अखेरीस तो बोटात नळी घालून ती गिटारीच्या तारांवरून सरकविण्याच्या वादनपद्धतीकडे वळला. या पद्धतीने पक्क्या पडद्यांचे बंधन सुटते व स्वरावरून स्वरावर घसरत जाता येते. ही रीत अमेरिकेत जुनीच होती. परंतु जॉर्जच्या हातून ती निराळी बोलू लागली. त्याचे स्वर सावकाश वळतात, गाणाऱ्या कंठाप्रमाणे थरथरतात, कोठेही घाई करीत नाहीत. जाणकारांस त्यांत मिंडेचा संस्कार स्पष्ट ऐकू येतो. सतारीवरील तीन वर्षांचा पाठ गिटारीच्या मुखाने पुढे तीस वर्षे बोलत राहिला.

सतार सुटली तरी गुरू सुटले नाहीत. १९७० साली पूर्व बंगालात भयंकर तुफान झाले व १९७१ साली तेथे युद्ध पेटले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पंडितजींचे पूर्वज बंगालचे. त्यांनी व्यथित होऊन शिष्याजवळ साह्य मागितले. जॉर्जने अवघ्या काही आठवड्यांत मित्रांस गोळा केले, आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन जलसे घडवून आणले. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते होते. कार्यक्रमाचा आरंभ रॉक संगीताने झाला नाही. पंडितजींची सतार, अली अकबर खाँ यांचा सरोद व अल्लारखाँ यांचा तबला यांनी झाला. वादकांनी वाद्ये जुळवून घेतली तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा पंडितजींनी हसून विनोदाने त्यांचे आभार मानले! या जलशांच्या तिकिटांतून सुमारे २ लक्ष ४३ हजार डॉलर युनिसेफ या संस्थेकडे देण्यात आले. ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे पुष्कळ मोठे उत्पन्न मात्र कराच्या भानगडीत कित्येक वर्षे अडकून पडले, कारण धर्मादायाची नोंद आगाऊ व्हावयास हवी होती ती झाली नव्हती. सत्कार्यासही हिशेबाची शिस्त लागते हा धडा त्यातून मिळाला. तथापि संकटग्रस्तांसाठी रॉक संगीताचे मोठे जलसे करण्याची जी प्रथा पुढे पडली तिचा पाया येथे घातला गेला.

१९७४ साली जॉर्जने अमेरिकेचा दौरा केला तेव्हा पंडितजी व त्यांच्या वादकांचा मोठा ताफा त्याने बरोबर नेला. श्रोत्यांस त्याची जुनी गीते हवी होती. रागदारीच्या वेळी ते चुळबुळ करीत. जॉर्जचा स्वतःचा आवाजही बसला होता. वृत्तपत्रांनी टीका केली, तरी हिंदी संगीताचा भाग त्याने कार्यक्रमातून काढला नाही. उत्तरायुष्यात आपल्या बागेत माती उकरण्यात व युकुलेली नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य वाजविण्यात तो रमे. १९९७ साली पंडितजींनी बसविलेल्या वेदमंत्रांची व प्रार्थनांची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिच्या निर्मितीचे काम शिष्यानेच पाहिले.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजलिस शहरी कर्करोगाने त्याचा अंत झाला. वय अवघे ५८. बरोबर एक वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी जो स्मरणाचा जलसा केला, त्यासाठी ब्याऐंशी वर्षांच्या पंडितजींनी ‘अर्पण’ नावाची नवी रचना केली. त्यांची कन्या अनुष्का हिने हिंदी व पाश्चात्य वादकांच्या संमिश्र वृंदाचे संचालन केले. शिष्याने गुरूस वाहावयाची पुष्पांजली येथे गुरूने शिष्यास वाहिली.

विद्यार्थिमित्रहो, जॉर्ज हॅरिसनाच्या अंगी दोष होते, आणि त्याने शाळा सोडली ही गोष्ट तुम्ही उचलावी असे कोणी म्हणणार नाही. उचलावयाचे ते हे, की लोकांच्या टाळ्यांवरून त्याने आपल्या ज्ञानाचे माप घेतले नाही. आज तुमच्यापैकी कोणी पेटी, कोणी तबला, कोणी व्हायोलिन शिकत असेल. संमेलनात एक गत वाजवून वाहवाही मिळाली असेल. ती वाहवा गोड लागणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शिक्षकांपुढे बसून पहिल्या पलट्यापासून पुन्हा आरंभ करावा. पालकांसही विनंती, की मुलाने पुढे त्या वाद्यात नाव काढलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. त्याने ते सोडले तर का सोडले एवढे मात्र विचारावे. कंटाळा आला म्हणून सोडणे निराळे आणि विद्येचे माप कळून दुसऱ्या वाटेस लागणे निराळे. प्रामाणिकपणे घेतलेला पाठ फुकट जात नाही. तो पुढे कोणत्या कामात आणि कोणत्या वयात उपयोगी पडेल हे मात्र आधी कोणास सांगता येत नाही.